ओल्या पायऱ्या

१

मेसच्या मागच्या नळावर रेणुका रोज कोपरापर्यंत हात धुवायची. नखांत अडकलेली कणीक आगपेटीच्या काडीनं काढायची. मग पिशवीतली निळी चटई बाहेर काढून खांद्याला अडकवायची आणि आपल्या गल्लीत शिरायची. तोवर क्लासला जाणाऱ्या पोरापोरींचा लोंढा ओसरलेला असायचा आणि घरमालकीण आरतीवहिनी ओट्यावर खुर्ची टाकून पेपर वाचत बसलेल्या असायच्या.

"झाला का योगा?"

"झाला, वहिनी."

"तुमचं बरंय. दंड बघा कसे घट्ट झालेत. मी एवढं टीव्हीपुढं बसून श्वास घ्यायले, माझं काहीच व्हईना."

रेणुका हसायची आणि बाजूच्या जिन्यानं वरच्या खोलीत जायची. मेसच्या पोरींसाठी पोळ्या लाटून लाटून तिचे दंड ठणकत असायचे. त्या चटईवर ती एकदाही बसली नव्हती.

त्या दिवशी मात्र ती जिन्यापाशीच थांबली. पायऱ्या ओल्या होत्या.

लातुरात उन्हाळ्यात पायऱ्या कुणी धूत नाही. नळाचा भरवसा नसतो, टँकर आला की गल्ली घागरी घेऊन धावते. तांदूळ धुतलेलं पाणी तुळशीला जातं आणि कपड्यांचं संडासात. आणि इथं वरपासून खालपर्यंत, कोपऱ्यांतला मळसुद्धा खरवडून, कुणीतरी पायऱ्या धुतल्या होत्या. पाणी अजून एकेक पायरी करत खाली उतरत होतं.

"तुमची बाई बरी झाली की हो," पेपरातून डोकं न काढता वहिनी म्हणाल्या. "सकाळीच आलती. म्हणलं मावशे, एवढं पाणी कशाला घालायलीस, तर नुसती हसली."

रेणुकाच्या खांद्यावरून चटई घसरली.

"आणि लग्नाचे लाडू छान होते हं. आमच्या ह्यांनी दोन खाल्ले. शुगर हाय म्हणलं तर ऐकतेत कुठं."

ते लाडू रेणुकानं उदगीरच्या स्टँडवर घेतले होते. कुठलंच लग्न नव्हतं. वहिनी जिला बाई म्हणत होत्या ती रेणुकाची आई होती, आणि परवाच देगलूरला तिला माती देऊन रेणुका परत आली होती.

२

हे सगळं ज्यातून सुरू झालं ते म्हणायला गेलं तर खोटंही नव्हतं. तिनं फक्त नाही म्हटलं नव्हतं.

सुकन्याला नीटच्या क्लासला घातलं तेव्हा रेणुका लेकीबरोबर लातूरला राहायला आली. नवरा देगलूरला एका कापडाच्या दुकानात सेल्समन होता. खोली बघायला आली तेव्हा वहिनींनी विचारलं, "साहेब काय करतात?" रेणुका म्हणाली, "कापडाचं दुकान आहे." आमचं, असं ती म्हणाली नव्हती. वहिनींच्या मालकांची डाळमिल होती. खोली त्या चांगल्या घरच्या माणसांनाच द्यायच्या. रेणुकानं आपलं बोलणंही बदललं. हाय, न्हाई सोडून आहे, नाही म्हणू लागली. एकटी असली तरीसुद्धा.

पोळ्यांचं काम धरल्यावर घर बघायला कुणी उरेना, म्हणून दिवाळीनंतर तिनं आईला बोलावून घेतलं. शांतम्मा नाव तिचं. देगलूरकडच्या कानडी वळणानं रेणुका तिला अव्वा म्हणायची. अव्वाला रिकामं बसवायचं नाही. दुसऱ्याच दिवशी तिनं खराटा घेतला आणि जिना झाडायला बसली. विटकं इरकल, हातात काचेच्या दोन बांगड्या, पाठीतून वाकलेली. वहिनी वर पापड वाळत घालायला आल्या, अव्वाला ओलांडून गेल्या आणि रेणुकाला म्हणाल्या, "बाई ठेवली वाटतं? बरं केलंत. म्हातारी हाय पण हात स्वच्छ हाय."

रेणुका हसली.

एवढंच. पण अव्वानं ते हसणं बघितलं. तिनं पदर डोक्यावरून पुढं ओढला, उठून उभी राहिली आणि वहिनींना म्हणाली, "जी, ताई."

त्या दुपारी चहा झाला तेव्हा अव्वा उंबऱ्याबाहेर जाऊन बसली. "आत ये की," रेणुका दबक्या आवाजात म्हणाली.

"ऱ्हाऊ दे. कुणी आलं गेलं तर." आणि मग हसून, "मला काय, चहा तर तोच हाय की."

पुढं वहिनींनी खालची भांडीही सांगितली. अव्वा ती घासू लागली. सगळ्या गल्लीत कामवाल्या बायांना मावशी म्हणत, तसं रेणुका चारचौघांत आईला मावशी म्हणू लागली. सुकन्याला तिनंच समजावलं, "खाली अज्जी म्हणू नको गं, वहिनींना उगाच वेगळं वाटेल." दार लावलं की तिघी एका ताटाभोवती बसत. आणि रेणुकाला ते दार लावणं पुरेसं वाटत होतं.

३

पायऱ्यांचं तिनं स्वतःला पटवून दिलं. गल्लीत मावश्या ढिगानं. सगळ्या वाकलेल्या, सगळ्यांचा पदर डोळ्यांपर्यंत. वहिनींना लांबचा चष्मा लागून वर्ष झालं तरी त्या तो लावत नाहीत. कुणीतरी काम मागायला आली असेल, ओळख पटावी म्हणून आधी पायऱ्या धुतल्या असतील.

आणि वहिनींना सांगणार तरी काय? आमची बाई वारली, एवढं तर सांगता आलं असतं. पण मग 'कधी, कशी, कुणी केलं तिचं' हे आलं असतं. आणि अव्वा वारली हे शब्द अजून रेणुकानं लातुरात कुणालाच उच्चारून दाखवले नव्हते. सुकन्यालासुद्धा नाही. क्लासच्या गल्ल्यांत हा अलिखित नियमच होता, परीक्षेआधी पोरांना घरचं मरण सांगायचं नाही. समोरच्या मुलीचे वडील वारले तेव्हा तिच्या आईनं कुंकू पुसल्या कपाळानं नव्हे, टिकली लावून लेकीला क्लासला सोडलं होतं. सगळे तसंच करत. त्यात वाईट काय?

दोन दिवसांनी वहिनींनी तिला हाक मारली.

"रेणुकाताई, तुमच्या बाईच्या हाताला काही लागलंय का हो?"

"का?"

"एकाच हातानं घासायली. डावी मूठ आवळूनच धरलीय. पातेलं गुडघ्यात धरती आन् उजव्या हातानं घासती. म्हणलं दाखव, काटा गेला का काय. तर मूठ पोटाशी धरून बसली."

रेणुका वर आली. पंखा लावला. पाणी प्यायलं. मग भावाला, महांतेशला फोन लावला.

"अव्वाला नीट बसवलं होतं ना रे?"

"म्हंजे?"

"खड्ड्यात. नीट बसली होती ना?"

"असं काय विचारायलीस, अक्का? तू तिथंच तर होतीस. आपल्या लिंगायतांत बसवतेत तशी बसवली. मांडी घालून. जंगमानं विभूती लावली, बेल वाहिला. डाव्या हातात लिंग दिलं. मूठ मिटंना तर तूच वाकून मिटवलीस की तिची."

"हो," रेणुका म्हणाली.

"जेवलीस का तू?" भावानं विचारलं.

४

तिनं मिटवलेली ती मूठ थंड नव्हती, हे तिला आता आठवत राहिलं. उन्हानं असेल. चैत्राच्या उन्हात दगडसुद्धा तापतो. पण तिच्या बोटांना ती मूठ तापलेली लागली होती, जशी ती बसमध्ये लागली होती.

ताप आला तेव्हा अव्वा लातुरातच होती. वहिनी जिन्यातूनच म्हणाल्या होत्या, "आजारी बाई घरात ठेवू नका हो, पोरीची परीक्षा तोंडावर आलीय. गावी लावून द्या." त्यांचं चुकलं नव्हतं. बाईच्या बाबतीत कुणीही तेच सांगितलं असतं. रेणुकानं अव्वाला रिक्षात घालून स्टँडवर नेलं, देगलूरच्या गाडीत खिडकीशी बसवलं, अंगावर शाल घातली. कंडक्टरनं विचारलं, "सोबत कोण हाय म्हातारीच्या?"

"आमची कामवाली आहे," रेणुका म्हणाली. "देगलूरला तिचा मुलगा येईल उतरवून घ्यायला."

स्टँडवर ओळखीचं कुणी नव्हतं. त्या कंडक्टरला ती परत कधी भेटणार नव्हती. तरी तिच्या तोंडून तेच आलं, अगदी सहज, जसं कुणी आपलं नाव सांगतं. अव्वानं खिडकीतून तिच्याकडं बघितलं नाही. समोरच्या सीटकडं बघत म्हणाली, "जा ताई, ऊन हुईल तुमाला."

आजवर अव्वानं तिला ताई म्हटलं होतं ते वहिनींच्या देखत. तुमाला, हे तर कधीच नाही.

महांतेशला फोन केला त्या संध्याकाळी सुकन्या क्लासहून आली, दप्तर टाकलं आणि डब्यातलं मुरमुऱ्याचं भडंग खात म्हणाली, "आई, मावशी आली होती दुपारी."

रेणुका भाजी चिरत होती. विळीवरून तिनं हात काढून घेतला. "कोण मावशी?"

"अगं मावशी. अज्जी. जेवायला आले होते ना मी, तेव्हा. बरी झाली हे तू सांगितलंच नाहीस मला."

"तू तिला मावशी का म्हणतेस? घरात तरी?"

"तूच सांगितलंस ना. आता सवय झाली." सुकन्यानं खांदे उडवले. "मी म्हणलं आत ये, तर नको म्हणाली. तिथं बाहेरच बसली उंबऱ्याला लागून. मी फिजिक्स वाचत होते, ती बसली होती नुसती."

"कशी बसली होती?"

"म्हणजे काय, कशी? मांडी घालून. ताठ." पोरीला त्यात काही वाटलं नाही. "तिची पाठ लई दुखायची ना आधी? आता बरी झालीय वाटतं. एकदम सरळ बसती."

रेणुका दारापर्यंत गेली. उंबऱ्याबाहेरच्या फरशीवर काही नव्हतं. चौकटीला, बसलेल्या माणसाचं कपाळ टेकेल तेवढ्या उंचीवर, पांढरट भुकटी लागली होती. तिनं बोट फिरवलं. चुना असेल. भाड्याच्या घरांना कुणी चांगला रंग देत नाही.

"काही बोलली का तुझ्याशी?"

"अभ्यास कर म्हणाली. डॉक्टर हो म्हणाली." सुकन्या डब्यात हात घालून थांबली. "आणि मला अहो-जाहो करत होती. मला हसूच आलं."

५

दुसऱ्या दिवशी ती मेसवर गेली नाही. तब्येतीचं कारण कळवलं आणि दाराला आतून पाठ लावून बसली. बाहेर चांगलं लख्ख उजाडलं होतं. कुकरच्या शिट्ट्या, रिक्षांचे हॉर्न, कुणाचं तरी पाढ्यांसारखं घोकलेलं जीवशास्त्र. या सगळ्यात खराट्याचा आवाज आला तेव्हा तो इतका रोजचा वाटला की तिच्या ध्यानात यायलाच वेळ लागला.

खर्र. खर्र. मग थांबून, पायरी उतरल्याचा. मग पुन्हा.

अव्वा असंच झाडायची. प्रत्येक पायरीला दोनदा.

तिनं दार उघडलं. जिना रिकामा, ओला. आवाज वळणाच्या खालून येत होता. ती वळणापर्यंत उतरली तर तो ओट्याकडून येऊ लागला. ओट्यावर आली तर घरामागच्या मोरीतून भांड्यांचा. ती जितकी पुढं जाई तितका तो एक खोली पलीकडं सरके, मालकीण वाटेत आली की कामवालीनं अंग चोरून बाजूला व्हावं तसा.

वहिनी स्वयंपाकघरात शेंगदाण्याचा कूट करत होत्या. "या की. आज योगा न्हाई?"

"वहिनी, ती... मागं आहे का आत्ता?"

"हाय की. घासायली." वहिनींनी मागच्या दाराकडं मान केली. दार लोटलेलं होतं. पलीकडं राख आणि तांब्यापितळेचा आवाज. "लई गुणी बाई भेटली तुम्हाला. चहा पी म्हणलं तरी पीत न्हाई आता. गावाकडून आल्यापासून काही खात-पीत न्हाई बघा, उपास करती का काय. काल म्हणलं मावशे, लेकरंबाळं हायेत का न्हाई तुला?"

"काय म्हणाली?"

"म्हणली, एक लेक होती." वहिनींनी कूट डब्यात भरला, हात झटकले. "म्हणली, गेली ती. जीव कसानुसा झाला हो माझा. म्हणलं काय झालतं, आजारी होती का? तर म्हणती, न्हाई ताई, चांगली होती. लातूरला गेली आन् गेली."

मोरीतला आवाज थांबला होता. रेणुकाला मागचं दार दोन पावलांवर होतं. हात लांब केला असता तर लोटता आलं असतं.

ती वर निघून आली. खोलीत बसल्यावर तिला एक गोष्ट अगदी साधी, हिशेबाची चूक सापडावी तशी दिसली. अव्वा तिला भेडसावायला आलेली नव्हती. अव्वाला कामावरून कुणी सोडलंच नव्हतं. जिनं तिला बाई केलं तिनंच चारचौघांत अव्वा म्हणून हाक मारेपर्यंत ती पायऱ्या धूत राहणार होती. एका हातानं.

मारीन हाक, ती स्वतःशी म्हणाली. वहिनींच्या देखत मारीन. खोली गेली तर गेली.

६

संधी लगेच आली. वहिनींच्या दोन मैत्रिणी यायच्या होत्या. एकीचा मुलगा एमबीबीएसला होता. "सुकन्याला घेऊन खाली या," वहिनी म्हणाल्या, "चार गोष्टी कळतील पोरीला. आन् तुमच्या बाईला सांगा, कपबश्या जास्त हायेत आज."

रेणुकानं धुतलेली नारायणपेठ नेसली. सोफ्यावर बसल्यावर कुणीतरी तिच्या हातात पन्ह्याचा पेला दिला. पंखा गरगरत होता. मागून, दोन दारांपलीकडून, कपबश्या विसळल्याचा आवाज येत होता आणि तो तिच्याशिवाय कुणालाच वेगळा वाटत नव्हता.

"किती मार्क येतात मॉकला?" मुलाच्या आईनं सुकन्याला विचारलं. सुकन्यानं सांगितलं. बाईनं भुवया उंचावल्या. "मग झालंच की. यंदाच लागतो नंबर. वळण दिसतं हो घरचं. आईनं सगळं सोडून इथं येऊन राहायचं म्हणजे सोपं नाही."

"दुकान साहेब एकटेच बघतेत," वहिनी कौतुकानं म्हणाल्या.

रेणुकानं पेला खाली ठेवला. "आले," म्हणून उठली. स्वयंपाकघर ओलांडलं, मागचं दार लोटलं.

मोरीत दुपारचं ऊन थेट उतरलं होतं, सगळं पांढरं दिसत होतं. त्या पांढऱ्यात पाठ होती. मांडी घालून, ताठ, दोरी लावून उभी केल्यासारखी सरळ पाठ. अंगावर इरकल नव्हतं. कोरं पांढरं कापड होतं, त्याच्या घड्यांत ओली माती. उजवा हात बशीवर गोल फिरत होता, आणि बश्या चकचकीत होऊन एकावर एक बसत होत्या. केसांत बेलाचं वाळकं पान अडकलं होतं.

"अव्वा," रेणुका म्हणाली. ओठच हलले. मग तिनं घसा साफ केला आणि जरा मोठ्यानं म्हणाली, "अव्वा."

हात थांबला. नळ ठिबकत होता तोही जणू थांबला. पाठीवरची मान हळूहळू वळू लागली. कानशिलाची कड दिसली, तिच्यावर विभूतीचे पट्टे, आणि गालाचा थोडा भाग. त्या गालावर काहीतरी उमलत होतं. हसू असावं. अव्वाला हाक ऐकू आली होती.

"रेणुकाताई," दिवाणखान्यातून वहिनी हसत ओरडल्या, "इकडं या आधी, सगळ्यांच्या साक्षीनं विचारायलेय मी. पोरगी मेडिकलला लागली की तुम्ही जाणार हे ठरलंच. तुमची बाई मात्र आम्हाला देऊन टाका. अशी बाई उभ्या लातुरात मिळायची न्हाई."

मैत्रिणी हसल्या. "सोडू नका हो ताई, घेऊन जा तिला बरोबर," एक म्हणाली.

आणि स्वयंपाकघराच्या दारात सुकन्या येऊन उभी होती. हातात पन्ह्याचा रिकामा पेला, चेहऱ्यावर आत्ताच ऐकलेल्या कौतुकाची लाली. परीक्षा येत्या रविवारी होती. तिला जागेवरून मोरी दिसत नव्हती. "आई, काय करायलीस? बोलवतायत तुला."

रेणुका दोघींच्या मध्ये उभी होती. मान तिथंच थांबली होती, वळायची अर्धी. वाट बघत होती. अजून एकच शब्द, तोही सगळ्यांना ऐकू जाईल एवढा.

रविवारनंतर, रेणुकाच्या मनात आलं. फक्त रविवार होऊ दे.

"ठेवून घ्या, वहिनी," ती म्हणाली. आवाज छान खणखणीत निघाला, दिवाणखान्यापर्यंत पोचला. "तुमच्याकडंच राहू दे तिला. कायमची."

"बघा हं, शब्द दिला," वहिनी म्हणाल्या.

मोरीतली मान परत समोर वळली. घाई न करता, उन्हात नीट बसून घेतल्यासारखी.

"जी, ताई," आतून आवाज आला. मग बशीवर राख खसखसू लागली.